छोटी मॉक्युमेंटरी करायचीय? मग हे वाचा (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

गेल्या वर्षी आम्ही पाच जणांनी मिळून साडेअकरा मिनिटांची एक मॉक्युमेंटरी केली. लग्नाच्या पंगतीत मठ्ठा वाढणारे बापू, स्वतःला 'मठ्ठा विभागप्रमुख' म्हणवतात आणि बुफे आल्यापासून त्यांचं सगळं बिनसलंय, एवढीच गोष्ट. तेव्हापासून कॉलेजची पोरं, नाटकवाले मित्र, एक-दोन लग्नाचे व्हिडिओवाले सगळे तेच तेच प्रश्न विचारतात, आणि मी दरवेळी व्हॉईस नोट पाठवून दमलोय, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

मॉक्युमेंटरी म्हणजे नक्की काय? प्रँक का?

नाही. गोष्ट काल्पनिक, सांगायची पद्धत डॉक्युमेंटरीची, बास. प्रँकमध्ये समोरच्या माणसाला आपण फसतोय हे माहीत नसतं, इथं कॅमेऱ्यासमोर सगळे आपलेच ॲक्टर असतात (निदान असावेत, त्यावर खाली बोलूच). फाउंड फुटेज हा हिचा चुलतभाऊ, त्यात टेप सापडते आणि शूट करणारी माणसं सापडत नाहीत, म्हणून तो बहुतेक भुताटकीत रमतो.

एक गंमत सांगतो. मालेगावात पोरं हौसेनं सुपरमॅनचा पिक्चर काढतात त्यावरची २००८ ची 'सुपरमेन ऑफ मालेगाव' दाखवली की दोन-तीन जण तरी विचारतात, ही मॉक्युमेंटरी आहे ना? नाही ओ, ती शंभर टक्के खरी डॉक्युमेंटरी आहे, ती माणसं खरी, तो लूम खरा, तो पिक्चर खरा. पण हा गोंधळ का होतो ते बघा, कारण खरी माणसं स्वतःच्या वेडाबद्दल अगदी गंभीरपणे बोलतात आणि हसू आपल्याला येतं, त्यांना नाही. आपल्याला नेमकं तेच बनवायचंय.

हा प्रकार सुरू कुठून झाला?

एकच सुरुवात दाखवता येणार नाही, पण माझ्या आवडीचं उदाहरण म्हणजे १ एप्रिल १९५७, बीबीसीचा 'पॅनोरामा' कार्यक्रम. स्वित्झर्लंडमध्ये यंदा स्पगेटीचं पीक चांगलं आलंय अशी साधारण तीन मिनिटांची बातमी, बायका झाडावरून शेवया तोडून टोपलीत भरतायत, आणि मागे रिचर्ड डिंबलबींचा आवाज. आता हा माणूस म्हणजे तिकडे विश्वासार्ह आवाजाची परमावधी, तो राणीच्या राज्याभिषेकाचं वर्णन करणारा आवाज. तेव्हा इंग्लंडात पास्ता घरोघरी नव्हता, त्यामुळे लोकांनी फोन करून झाड कसं लावायचं ते विचारलं. उत्तर मिळालं की स्पगेटीची एक काडी टोमॅटो सॉसच्या डब्यात खोचून ठेवा आणि आशा ठेवा.

यात जोक एकच आहे. झाडाला शेवया. बाकी शेत खरं, टोपली खरी, उन्हात वाळवणं खरं, आवाज तर फारच खरा. मी सगळ्यांना हेच सांगतो की खोटं एकाच ठिकाणी ठेवा. आमच्या फिल्ममध्ये खोटं एवढंच की मठ्ठा वाढणं ही मानाची, हुद्द्याची गोष्ट आहे. पत्रावळ, किटली, आचारी, 'वाढा वाढा' करणारा मुलीचा मामा, सगळं जसंच्या तसं.

विषय कसा निवडायचा?

ज्या जगाची तुम्हाला बारीकसारीक माहिती आहे तेच घ्या. पोरं येतात आणि म्हणतात आम्ही गुप्तहेरांवर मॉक्युमेंटरी करतोय. अरे, तू गुप्तहेर बघितलायस का कधी? तुझा काका सोसायटीचा सेक्रेटरी आहे ना, पाण्याच्या टँकरवरून त्याचं रोज भांडण होतं ना, ते कर की. गणपती मंडळाचा खजिनदार, क्लासचे सर, दहावीच्या बॅचचं गेट-टुगेदर जमवणारा तो एक माणूस, एकपात्रीचे प्रयोग लावणारा एजंट, विषय ढीगभर आहेत.

माणूस छोटा आणि त्याचा आव मोठा, हे जमलं की अर्धं काम झालं. पण त्या माणसाची टिंगल करायची असेल तर नका करू, कारण साडेअकरा मिनिटं टिंगल बघवत नाही, तिसऱ्या मिनिटाला माणूस मोबाईल काढतो. बापूंचं काम खरंच अवघड आहे, गार मठ्ठा, चिंचोळी रांग, खाली बसलेल्या बायकांच्या पैठण्या आणि हातात भरलेली किटली. ते त्यांना जमतं. प्रेक्षकाला ते जमणं दिसलं पाहिजे, मगच त्यांचा आव गोड लागतो.

स्क्रिप्ट लिहायची का सेटवरच सुचेल ते करायचं?

दोन्ही. सीनमध्ये काय घडणार, कुणाला काय हवंय, सीन कुठं संपणार हे लिहा, डायलॉग लिहू नका किंवा लिहिलेत तर ॲक्टरला पाठ करायला देऊ नका. पाठ केलेलं वाक्य या प्रकारात लगेच ओळखू येतं, खरा माणूस वाक्य अर्धं सोडतो, मध्येच 'म्हणजे काय झालं' म्हणतो, पुन्हा पहिल्यापासून सांगतो.

१९८४ चा 'धिस इज स्पायनल टॅप', म्हणजे एका काल्पनिक रॉक बँडवरची मॉक्युमेंटरी, बहुतेक असाच उत्स्फूर्त बोलण्यातून उभा राहिला. बनवणाऱ्यांना स्क्रिप्ट लिहायला म्हणून पैसे मिळाले होते, पण हे कागदावर समजणारच नाही म्हणून त्यांनी त्या पैशात साधारण वीस मिनिटांचा डेमोच शूट केला. तेव्हा शॉर्टफिल्मवाल्यांनी कमीपणा वाटून घेऊ नये, या प्रकाराचा सगळ्यात नावाजलेला पिक्चरसुद्धा आधी शॉर्टच होता.

आम्ही बापूंचं काम करणाऱ्याला एक पानभर माहिती दिली होती, किती वर्षं वाढतायत, कुणाशी बोलणं बंद आहे (जिलबीवाला), घरी काय परिस्थिती. मग कॅमेरा लावून पन्नास मिनिटं नुसते प्रश्न विचारले. त्यातून एक वाक्य आलं जे आमच्या कुणाच्याच बापाला सुचलं नसतं, 'पाहुणा उठून गेल्यावर त्याच्या मिशीला जो पांढरा कण राहतो ना, ती माझी सही.'

कॅमेरामन नेमका कोण आहे, हे ठरवावं लागतं का?

लागतं, आणि हाच सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे जो कुणी विचारत नाही. साध्या पिक्चरमध्ये कॅमेरा कुठंही जाऊ शकतो. इथं कॅमेरा म्हणजे खोलीत उभा असलेला एक माणूस आहे, त्याला दरवाजातून यावं लागतं, त्याला काही वेळा हाकललं जातं, काही वेळा तो उशिरा पोचतो. तो का आलाय? टीव्ही चॅनेलचा आहे, कॉलेजचा प्रोजेक्ट आहे, का लग्नाचा व्हिडिओवालाच आहे ज्याला बापूंमध्ये इंटरेस्ट आलाय? आमचा तिसरा प्रकार होता, त्यामुळे अधूनमधून नवरीची आई ओरडते, 'अहो तिकडे काय शूट करताय, इकडे सप्तपदी चाललीय,' आणि कॅमेरा गुपचूप वळतो. हा फुकटचा जोक आहे, फक्त कॅमेरा कोण हे ठरवल्यामुळे मिळालेला.

एकदा हे ठरलं की शॉट आपोआप सुचतात. भांडण सुरू झालं तर कॅमेरा आधी चुकीच्या माणसावर असणार, आवाज ऐकून मग वळणार, फोकस पकडायला अर्धा सेकंद घेणार. खासगी बोलणं चालू असेल तर तो दाराच्या फटीतून, नाहीतर खुर्च्यांच्या थप्पीमागून बघणार. आणि दोघांच्या बोलण्याचा दोन्ही बाजूंनी स्वच्छ क्लोजअप घेतलात, शॉट-रिव्हर्स शॉट, तर खेळ खलास, कारण कॅमेरा एक आणि माणूस एक असताना तो समोरून आणि मागून एकाच वेळी कसा दिसेल?

म्हणजे कॅमेरा सारखा हलवायचा?

बापरे नाही. हलवण्याचं नाटक लगेच कळतं, बघणाऱ्याला मळमळतं ते वेगळंच. खरा डॉक्युमेंटरी कॅमेरामन कॅमेरा स्थिर ठेवायचाच प्रयत्न करत असतो, तो हलतो कारण घटना हलते. पटकन झूम करायची जी स्टाईल आहे ती पूर्ण फिल्ममध्ये तीन-चार वेळाच वापरा, कुणाचा चेहरा पडला, कुणी खिशात काहीतरी टाकलं अशा ठिकाणी. फोनवर शूट करत असाल तर ४के मध्ये (मोठ्या चित्रात) घ्या आणि एडिटची टाइमलाइन १०८० ची (लहान) ठेवा, मग झूम एडिटमध्ये करता येतो. मात्र तो गुळगुळीत करू नका, हातानं केल्यासारखा एका झटक्यात, थोडा पुढं जाऊन परत येणारा ठेवा.

ॲक्टरनं कॅमेऱ्यात बघायचं का?

इंटरव्ह्यूमध्ये नाही, लेन्सच्या शेजारी बसलेल्या प्रश्न विचारणाऱ्याकडं. चालू सीनमध्ये मात्र एखादी नजर कॅमेऱ्याकडं गेली तर ती सोन्यासारखी आहे, २००१ ची ब्रिटिश मालिका 'द ऑफिस' बघा, निम्मे जोक त्या नजरेतच आहेत. पण नजर कुणाची हे नीट ठरवा. मुख्य माणसानं कॅमेऱ्याकडं बघणं म्हणजे 'बघा मी किती भारी', आणि बाजूच्या माणसानं बघणं म्हणजे 'बघताय ना काय सहन करतोय मी'. आमच्याकडं फक्त ताटं उचलणारा पोरगा बघतो, दोनदाच, पहिल्यांदा मिनिट चारला आणि मग थेट शेवटी.

इंटरव्ह्यू कसे शूट करायचे?

माणसाला त्याच्या जागेत बसवा. मागची भिंत मोकळी नको, त्याचा सगळा इतिहास मागं दिसू दे. बापूंच्या मागं आम्ही फ्रेम केलेल्या लग्नपत्रिका लावल्या, ज्या ज्या लग्नात त्यांनी वाढलं त्या. त्याबद्दल फिल्ममध्ये कुणी एक शब्द बोलत नाही.

खिडकी बाजूला, लाईट एवढाच, जास्त केलं तर जाहिरातीसारखं दिसतं. आणि उत्तर संपल्यावर लगेच कट म्हणू नका! पाच-सहा सेकंद गप्प बसा. माणसाला शांतता सहन होत नाही, तो काहीतरी पुढं बोलतो आणि सगळ्यात चांगलं तेच असतं. नाव-हुद्द्याची खालची पट्टी मात्र अगदी कोरडी, 'मठ्ठा विभागप्रमुख, १९९१ पासून'. पट्टीत जोक घुसवला की ती पट्टी राहत नाही, मीम होते.

विनोदी ॲक्टर घ्यायचे ना?

आमचं पहिलं शूट इथंच फसलं. एक स्पर्धा गाजवलेला एकांकिकावाला घेतला, गुणी माणूस, पण प्रत्येक वाक्याला टाळीची जागा सोडायचा, भुवया उडवायचा. सेटवर आम्ही पोट धरून हसलो, आणि एडिटला बसलो तर साडेअठरा मिनिटांत एकदाही हसू नाही. त्याला माहीत होतं की हे विनोदी आहे. बापूंना माहीत असून चालत नाही.

मग मित्राचे मामा घेतले, बँकेतून रिटायर, आयुष्यात कधी स्टेजवर गेले नव्हते. त्यांना आम्ही फक्त सांगितलं की मामा, हे तुमचं बँकेतलं काम समजा, तुमच्यासारखा क्लिअरिंग करणारा दुसरा नव्हता, आणि एक दिवस कॉम्प्युटर आले. मामा गप्प झाले थोडा वेळ, आणि मग जे बोलले ते जवळजवळ सगळं फिल्ममध्ये आहे, 'चेक'च्या जागी 'मठ्ठा' करून.

फोनवर होईल का? सेटिंग काय ठेवू?

होईल. फ्रेम रेट (सेकंदाला किती चित्रं) २५, शटर १/५०. आपल्याकडं वीज ५० हर्ट्झची आहे, ३० वर ठेवलंत तर हॉलच्या ट्यूबा आणि एलईडी फडफडतात. एक्स्पोजर (उजेड) आणि व्हाईट बॅलन्स (रंगाची छटा) लॉक करा. फोनचं साधं कॅमेरा ॲप फ्रेम रेट कमीजास्त करत राहतं, त्यामुळे वेगळा रेकॉर्ड केलेला आवाज पाचव्या मिनिटाला ओठांच्या मागंपुढं व्हायला लागतो, म्हणून फ्रेम रेट पक्का धरून ठेवणारं ॲप घ्या.

आणि आवाज?

चित्र खराब असेल तर लोक 'डॉक्युमेंटरी आहे' म्हणून माफ करतात, आवाज खराब असेल तर बंद करतात. कॉलर माईक हनुवटीखाली वीतभर अंतरावर, आणि कपडा कडक असेल तर आधी हलून बघा, बापूंच्या स्टार्चच्या सदऱ्यानं आमचा एक अख्खा इंटरव्ह्यू खरखर खरखर करून घालवला. हॉलमध्ये स्पीकरवर सिनेमातली गाणी चालू असतील तर ती बंद करायला लावा, नाहीतर नंतर कॉपीराइटचा क्लेम येतो आणि बोलणं मध्येच कापताही येत नाही, मागचं गाणं तुटतं. निघण्याआधी तीस सेकंद सगळ्यांना गप्प करून नुसता खोलीचा आवाज रेकॉर्ड करा. त्या तीस सेकंदांनी एडिटमधली भोकं बुजतात. डबिंगचा विचारही मनात आणू नका.

जुनं फुटेज, पेपरची कात्रणं कशी बनवायची?

माझा सगळ्यात आवडता भाग, आणि सगळ्यात जास्त चुका इथंच होतात.

लोक काय करतात, फोनवर शूट करून वर ओरखड्यांचा फिल्टर टाकतात, कोपऱ्यात लाल आरईसी (रेकॉर्डिंग चालू असल्याची खूण) लावतात. आता ते आरईसी व्ह्यूफाइंडरमध्ये दिसायचं हो, टेपवर सहसा यायचं नाही! टेपवर येते ती तारीख. १९९० च्या लग्नाची कॅसेट हवी असेल तर चौकोनी ४:३ फ्रेम, पाल (आपल्याकडच्या टीव्हीची पद्धत) म्हणजे ७२० बाय ५७६, रंग जरा बाहेर सांडलेले, आणि नवरा-नवरी गुलाबातून, बदामातून फिरत येतात तो इफेक्ट. तो एक इफेक्ट टाकला की मराठी माणूस डोळे झाकून विश्वास ठेवतो.

तारखा सांभाळा. मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला आणि आपल्याकडं टीव्हीला रंग आला १९८२ मध्ये, त्यामुळे '१९७६ ची दूरदर्शन मुलाखत' रंगीत दाखवलीत तर घरातले आजोबाच पकडतील. पत्त्यात पिनकोड असेल तर तो १९७२ नंतरचाच. इंग्रजी पाटीवर १९९५ च्या आधी मुंबई नाही, बॉम्बे. जुन्या कात्रणात आजचा युनिकोड फॉन्ट चालत नाही, जुन्या खिळ्यांच्या छपाईत जोडाक्षरं वेगळी दिसतात, शाई एका बाजूला जास्त लागलेली असते. आम्ही घरातला खरा जुना पेपर स्कॅन करून त्यातलीच अक्षरं उचलून मथळा जुळवला, एक रविवार गेला त्यात, पडद्यावर तो दोन सेकंद आहे.

वुडी ॲलनच्या 'झेलिग' या मॉक्युमेंटरीसाठी १९८३ मध्ये छायाचित्रकार गॉर्डन विलिस यांनी जुन्या काळच्या लेन्स वापरल्या आणि निगेटिव्हवर मुद्दाम ओरखडे पाडले होते. आपल्या बजेटमध्ये याला पर्याय म्हणजे टीव्हीवर लावून टीव्हीचंच शूटिंग करणं, फिल्टरपेक्षा कितीतरी बरं दिसतं.

निवेदन ठेवायचं का?

ठेवलंत तर ते अजिबात हसू नये. आपल्या डोक्यात डॉक्युमेंटरीचा आवाज म्हणजे फिल्म्स डिव्हिजनचा आवाज. १९४८ ला स्थापना झाली आणि पुढं कित्येक वर्षं थिएटरात मेन पिक्चरच्या आधी त्यांची रिळं दाखवावीच लागायची, त्यामुळे एका पिढीच्या कानात ती चाल बसलीय, 'या प्रदेशातील कष्टाळू शेतकरी आता नव्या युगाकडे वाटचाल करीत आहे.' त्या चालीत 'मीठ पानाच्या वरच्या बाजूला मधोमध, डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाजी' असं नुसतं खरं वर्णन वाचलं तरी हसू येतं. त्यात एकही शब्द खोटा नाही, बघा. पण निवेदन आणि इंटरव्ह्यू एकच गोष्ट सांगत असतील तर निवेदन काढा. दोघांनी एकमेकांच्या विरुद्ध बोललं पाहिजे, निवेदक म्हणणार 'दोघांचे संबंध सलोख्याचे आहेत' आणि पडद्यावर बापू जिलबीवाल्याला पाठ दाखवून उभे.

एडिटिंगमध्ये काय बघायचं?

कापा. आमच्याकडं साडेसहा तासांचं फुटेज होतं. आधी सगळ्या इंटरव्ह्यूंची टायपिंग करा, कंटाळवाणं आहे पण बोलणं कागदावर आलं की कात्री चालते. बापू म्हणतात 'माझा कधी थेंब सांडला नाही', कट, शालूवर डाग. हे सगळ्यात सोपं हत्यार आहे म्हणून दोनदाच वापरा, तिसऱ्यांदा प्रेक्षक तुमच्या आधी पोचलेला असतो. संगीत जवळजवळ नको. आणि मिनिट आठच्या आसपास कुठंतरी हसणं थांबलं पाहिजे. आमच्याकडं बापू बुफेच्या रांगेत स्वतः प्लेट घेऊन उभे असतात, मठ्ठ्याच्या भांड्यापाशी येतात, पळी उचलतात, स्वतःच्या ग्लासात ओततात आणि थेंब सांडतो. तिथं थिएटरात कुणीच हसलं नाही, मला तेवढं पुरलं.

खऱ्या लग्नात शूट केलं तर चालतं का?

यजमानांची परवानगी आधी, लेखी. आम्ही ती घेतली होती, पण पाहुण्यांना सांगितलं नव्हतं, आणि एका काकूंचा जेवतानाचा क्लोजअप फिल्ममध्ये आला, त्या नंतर खूप चिडल्या आणि बरोबरच होतं त्यांचं. तो शॉट काढला, त्याच्याबरोबर एक चांगला सीनही गेला. तेव्हापासून नियम, चेहरा ओळखू येत असेल तर सही, नाहीतर आपलेच नातेवाईक बसवून पंगत लावा, जेवण दिलं की नातेवाईक येतात.

लोकांना खरंच वाटलं तर?

वाटू दे, पण शेवटी श्रेयनामावलीत कलाकारांची नावं आणि 'ही काल्पनिक कथा आहे' ही ओळ ठेवाच. न्यूझीलंडमध्ये १९९५ साली पीटर जॅक्सन आणि कोस्टा बोट्स यांनी एका विसरलेल्या थोर दिग्दर्शकावर टीव्हीसाठी अशीच फिल्म केली, लोकांना अभिमानानं भरून आलं आणि खोटं आहे कळल्यावर तेच लोक भडकले. उलटंही झालंय, पीटर वॉटकिन्स यांची अणुहल्ल्यावरची 'द वॉर गेम' ही घडवलेली फिल्म, बीबीसीनं ती १९८५ पर्यंत टीव्हीवर दाखवली नाही, पण तिला १९६७ मध्ये ऑस्कर मिळालं ते चक्क डॉक्युमेंटरीचं. खऱ्या जातीवर, खऱ्या आजारावर, खऱ्या औषधावर खोटी माहिती मात्र नको, तुमची क्लिप कापून व्हॉट्सॲपवर फिरेल तेव्हा ती शेवटची ओळ बरोबर जाणार नाही.

सेन्सॉर सर्टिफिकेट लागतं का?

यूट्यूबवर टाकायला नाही. थिएटरात जाहीर शो लावायचा तर लागतं. फेस्टिव्हलचे नियम वेगळे असतात, फॉर्म नीट वाचा.

बापू खरे आहेत का?

हे दर स्क्रीनिंगला विचारतात. नाहीत. वर सांगितलं तसे ते मित्राचे मामा, बँकवाले. पण मागच्या महिन्यात त्यांच्या पुतणीच्या लग्नात कुणीतरी गंमत म्हणून त्यांच्या हातात किटली दिली, आणि मामांनी दोन पंगती वाढल्या, थेंब न सांडता, तोंडावर हसू नाही की काही नाही. नंतर मला बाजूला घेऊन म्हणाले, 'अरे त्या पोरांनी मीठ शेवटी वाढलं. बोल त्यांच्याशी.'